भासऱ्यांची गोटी

कूलरचं खोकं मी कोणाला जाळू दिलं नाही. दुपारी खपून त्याच्या पुठ्ठ्यावर धानाचा खेळ केला. खालच्या कोपऱ्यात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं. तिथून घराघरांनी नागमोडी वर जात शेवटी राईस मिल. वाटेत इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं की तीन घरं पुढे, तुडतुडा लागला की तीन घरं मागे. फाशांऐवजी फोडलेले चिंचोके, गोट्या म्हणून बुशशर्टाची बटनं आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे. उन्हाळ्यात ऐन दुपारी लाइट जायची, टीव्ही बंद पडायचा आणि सगळे एकमेकांवर खेकसत बसायचे. म्हटलं, सगळे मिळून खेळू. सगळ्यांत मीही आले, असं आपलं मला वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी छपरीत चटई टाकली, पट मांडला. सासू, नवरा, माझी मुलगी बसली. मी पदर खोचून टेकणार, तोच भासरे आले. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्याच्या बायकोनं त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, ते बसले त्या चटईवर बसायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण एक शब्द नाही.

"काय खेळून राहिले? मलेही घ्या," ते म्हणाले.

झालं! माझी जागा त्यांना मिळाली आणि मी दाराच्या आत, चौकटीला टेकून उभी. आयत्या बिळावर नागोबा.

बरं, बसलात तर नीट खेळा ना. पण त्यांची गोटी तुडतुड्याच्या घरात पडली तर हा माणूस मागे यायलाच तयार नाही. "मी औषध फवारलो आहो," म्हणे.

मी आतून मुलीला म्हटलं, "मोठ्या बाबाले सांग, कीड लागली म्हणजे मागं यावंच लागते."

"तुया मायले सांग, शेती मी करतो का ते करते?"

सगळे हसले. नवरा तर सगळ्यांत मोठ्यानं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खेळ माझा, नियम माझे, लेई लावून बोटं माझी चिकटली, आणि मला काय, तर चहा ठेव! ठेवला. कपबशा अशा आदळल्या की सासू म्हणाली, "कपावर कायले राग काढून राहिली?"

रोज हेच. लाइट गेली की पट बाहेर, मी आत. एकदा नवऱ्याला म्हटलं, "मलेही खेळायचं आहे."

"मग खेळ ना, कोण नाही म्हणते?"

"कुठं बसून?"

तो डोकं खाजवत निघून गेला. त्याला ही अडचण कधी दिसलीच नव्हती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शेवटी मीच सांगून टाकलं, मी दारातून खेळणार. चिंचोके मी उंबऱ्याशी टाकीन, माझा लाल बांगडीचा तुकडा मुलगी सरकवेल. भासरे काही बोलले नाहीत, म्हणून खेळ सुरू झाला. त्यांचं बटन मिलच्या तोंडाशी पोचलं होतं. मी चिंचोके टाकले आणि माझा तुकडा नेमका त्यांच्याच घरात आला. मुलीचा हात वरच थांबला.

"राहू दे वो," सासू म्हणाली, "भासऱ्याची गोटी मारते का कोणी?"

नवरा घाईनं म्हणाला, "एक घर पुढं घे, चालते."

चालते? इतके दिवस दारात ताटकळले, ते एक घर पुढं घ्यायला? डोक्यावरचा पदर सावरला आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. हाक काय मारायची तेही माहीत नव्हतं, कधी मारलीच नव्हती.

"तुमची गोटी मेली," मी म्हणाले. "पऱ्ह्यात ठेवा."

भासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पटाकडेच बघत बटन उचललं, पऱ्ह्यात ठेवलं. मग चिंचोके गोळा करून मुलीच्या हातात दिले.

"तुया मायले सांग," ते म्हणाले, "गोटी मारली का आणखी एक बारी राहते. टाक म्हणा."

आणि मी त्यांच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर, उंबऱ्यातच उभी होते.