साडेनऊ तासांचं अंतर

नातवंडांनो, परवा पोलादपूरच्या एसटी स्टँडवर एक बाई शेजारी येऊन बसली. वयाने माझ्याएवढीच, उमरठच्या वरच्या वाडीतली. मांडीवरच्या पिशवीत कोंबडी होती. तिने मान बाहेर काढली की बाई बोटाने हळूच आत ढकलायची.

"नातवंडं कुठं हायत?" तिने विचारलं.

मी लगेच वही काढली. माझी वही तुम्हाला ठाऊकच आहे, गावांची अंतरं आणि प्रवासाचे तास रकान्यांत टिपलेली. "लंडनला. मुंबईपासून सात हजार दोनशे किलोमीटर, पण विमानाने जेमतेम साडेनऊ तास," मी वर्गात धडा वाचावा तसं वाचून दाखवलं.

"मंग जवळच की गो! शिमग्याला माझ्या पोराला मुंबईस्नं वाडीवर यायला तेवढंच लागतं. हायवेला गाड्या तुंबतात, वर डोंगर चढायचा. पन पालखी दारात यायच्या आत पोचतो, एकदा पन चुकला नाय. तुमची कवा येतात?"

मी वहीची पानं उलटत राहिले. तेवढ्यात तिची गाडी लागली.

घरी येऊन मी पट्टीने एक नवा रकाना आखला, 'येण्याची तारीख'. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं आहे. खाली काय लिहायचं, तेवढं कळवा.