नाकाला नियम नाही

सिस्टरक्का आमच्या घरी आल्या की आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या, डोळे मिटून छाती भरून वास घ्यायच्या आणि मग निकाल द्यायच्या. हिंग. कढीपत्ता. खोबरं स्वल्प जास्त भाजलंय. आईचं खोबरं खरंच करपलेलं असायचं. एवढं झालं की तृप्त चेहऱ्याने बाहेर येऊन त्या बाकावर बसायच्या आणि समोरच्या ताटलीकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. प्रापंचिकांच्या घरी अन्नाचा कण घ्यायचा नाही, असा त्यांच्या मठाचा नियम होता. "नियमात तोंडाचं लिहिलंय," त्या मला सांगायच्या. "नाकाला नियम नाही. मी सगळं पुस्तक वाचून बघितलं."

त्यांचं खरं नाव सिस्टर पिएरिना. इटलीतल्या कुठल्याशा डोंगरातल्या शेतकऱ्याची ही मुलगी विशी ओलांडल्याबरोबर बोटीत बसली आणि थेट बेंगळुरात आली. बेळ्ळंदूरच्या तळ्यापलीकडे, भातखाचरांच्या मधोमध त्यांच्या मठाचा दवाखाना होता. तिथल्या पोरांनी 'सिस्टर'ला आपलं 'अक्का' जोडून त्यांना डबल बहीण करून टाकलं होतं. कन्नड त्या पेशंट बायकांकडून शिकल्या होत्या. त्यामुळे बोलायला लागल्या की बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडण चाललंय असं वाटायचं. हसायच्या तर इतक्या मोठ्याने, की बाहेर जटक्याचा घोडा बिचकायचा. एकटीने हिंडायचीही त्यांना परवानगी नव्हती, म्हणून मंगळूरच्या सिस्टर अग्नेस कायम सोबत असायच्या. त्या कमी बोलायच्या आणि ताटलीकडे मात्र बघायच्या.

आमचं नातं जुळलं ते माझ्या धाकट्या भावामुळे. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनियर, म्हणून आम्ही साताऱ्याहून के. आर. पुरमच्या बाजूला राहायला आलेलो. आईला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि मूल पायाळू. निरोप मिळताच घरी आलेल्या सिस्टरक्कांनी बाह्या वर सारल्या आणि पाच तास "देवरु नोडकोताने", देव बघून घेईल, असं म्हणत झुंज दिली. आई आणि बाळ दोघंही वाचली. मग त्या अंगणात आल्या, तुळशीच्या कट्ट्यावर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. देव काय बघतोय याची त्यांना पाच तास अजिबात खात्री नव्हती, हे त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

बारशाला त्यांना बोलावलं. आमच्याकडे बाबांच्या विधवा आत्या राहायच्या. कडक सोवळं. स्वतःच्या चुलीवर शिजवायचं आणि आतल्या खोलीत एकटीने जेवायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. त्यांनी आधीच सगळा बंदोबस्त केला होता. सिस्टरचं पान ओसरीवर, पेला वेगळा, आणि बाई स्वयंपाकघरात शिरलीच तर तिला गोडीत कसं थोपवायचं याचं भाषणही तयार. सिस्टरक्का आल्या, बाळाला नाचवलं, हात जोडले आणि पानाला बोट न लावता निघून गेल्या. आत्या तशाच उभ्या. "म्हणजे ती आपल्या हातचं खात नाही?" त्यांनी तीनदा विचारलं. बाबांना हसून हसून ठसका लागला. आत्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आदराने मत दिलं, की बाई आपल्यापेक्षा कडक आहे.

आईला मात्र ते लागलं. जिने आपलं मूल वाचवलं, ती आपल्या घरून उपाशी जाते म्हणजे काय? तिने देवापुढे उभं राहून सांगितलं की सिस्टर आपल्याकडे जेवेपर्यंत मी चहा पिणार नाही. आमची आई म्हणजे दिवसाला सहा कप. सगळ्या कॉफीवाल्या आळीत एकटीने साताऱ्याची शान राखणारी. पहिला महिना तिचं डोकं दुखत होतं आणि आमचं सगळ्यांचं फुटायची वेळ आली होती.

सिस्टरक्कांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या धावतच आल्या. तुमची मदर सुपीरियर कोण, तिच्याकडून सुटका मागता येईल का, असं त्यांनी आईला विचारलं. आईने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. सिस्टरक्का देव्हाऱ्यासमोर उकिडव्या बसल्या, एकेका देवाचा चेहरा नीट बघितला आणि मान हलवली. यांच्यापैकी कुणी ऐकेल असं दिसत नाही म्हणाल्या. दोघी पदराआड आणि डोक्यावरच्या फडक्याआड हसत सुटल्या.

मग दर वर्षी भावाच्या वाढदिवशी त्या मदरकडे परवानगी मागायच्या आणि मदर दर वर्षी नाही म्हणायच्या. हा सगळा प्रकार आम्हाला गमतीचाच वाटायचा. एकदा दिवाळीत मात्र चकल्या तळणं चाललं असताना सिस्टरक्का वास घेता घेता एकदम मागे वळल्या आणि जटक्यात जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले आणि शहाणपणाने म्हटलं, एक खाल्लीत तर कोणाला कळणार आहे? त्यांनी माझा हात धरला.

"घरी परत जायचं नाही, हाही नियमच आहे. अकरा वर्षं मी माझ्या आईला बघितलं नाही. आज चकलीसाठी एक मोडला, तर तो दुसरा मी कशासाठी पाळला?"

त्यानंतर मी त्यांना कधी आग्रह केला नाही. आईलाही हे सांगितलं नाही, कारण ती रडली असती आणि चहा नसताना तिचं रडणं आवरायचं नाही.

पुढे पोपने जगभरचे बिशप रोमला बोलावले आणि जुने नियम बदलायची बोलणी सुरू झाली. हे सिस्टरक्कांनी सांगितल्यापासून आत्या रोज सकाळी बाबांना विचारायच्या, "काय म्हणतायत रोमवाले?" बाबा पेपर खाली न घेता म्हणायचे, अजून बोलतायत. आत्यांची पक्की समजूत होती की एवढी मोठी माणसं आमच्या पुरणपोळीवर खल करत बसली आहेत. बैठक आणखी एक वर्ष लांबली तेव्हा त्या चिडल्या. हो की नाही, एवढंच तर सांगायचं आहे म्हणाल्या.

शेवटी एका शनिवारी दुपारी जटका थांबायच्या आत सिस्टरक्कांनी खाली उडी मारली. परवानगी मिळाली होती. आणि त्याच दमात त्यांनी सांगितलं की त्यांची आफ्रिकेत बदली झाली आहे, पुढच्या आठवड्यात निघायचं. आईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने डाळ भिजत घातली.

रविवारी पानं वाढली. सिस्टरक्का मांडी घालून बसल्या, सिस्टर अग्नेस तर आधीच बसल्या होत्या. सिस्टरक्कांनी आत्यांसाठी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, अज्जी कुठे आहेत? अज्जी वेगळ्या जेवतात, आईने चाचरत सांगितलं. सिस्टरक्कांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मदरच्या चिठ्ठीत 'कुटुंबाबरोबर जेवावे' असं लिहिलं होतं. अज्जीशिवाय कुटुंब कसलं?

तुपाचं भांडं आईच्या हातात तसंच राहिलं. सात वर्षांनी मठाचा नियम सुटला होता आणि आता आमच्याच घरचा आडवा आला होता. आतल्या खोलीतून सोवळं नेसलेल्या आत्या दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुला परवानगी द्यायला वर मदर होती," त्या म्हणाल्या. "मला कोण आहे?" मग आईकडे वळल्या. "माझं पान मांड इथं. हिच्या शेजारी."

सिस्टरक्कांनी सहा पुरणपोळ्या खाल्ल्या. पहिला घास गिळून गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, वास स्वल्प जास्त चांगला होता. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. सिस्टर अग्नेसनी न बोलता आठ संपवल्या. चार वाजता आईने चहा केला, सलग तीन कप प्यायली आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यांचं सोवळं, त्यांची चूल, त्यांची खोली, सगळं पूर्ववत सुरू झालं. आम्हीही त्यावर कधी बोललो नाही.

तीन वर्षांनी सिस्टर अग्नेस आल्या. एकट्याच आल्या, आता तेवढी मोकळीक मिळाली होती. तिकडे तापाची साथ आली आणि सिस्टरक्का पेशंटांबरोबरच गेल्या, एवढंच त्यांनी सांगितलं. आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, न्हाणीघरात गेल्या आणि गार पाणी डोक्यावरून ओतल्याचा आवाज आला. ओल्या केसांनी बाहेर येऊन त्या आईला म्हणाल्या, "तुम्हीही सगळी अंघोळ करून घ्या. घरचं माणूस गेलंय."