कोठीच्या खोलीला आतून कडी नसते

"आई, थांब! दार उघडू नको!" मी आतून ओरडलो.

माझे दोन्ही हात गुंतलेले होते. ठार अंधारात कॅमेऱ्यातल्या रोलची दोन टोकं दोन हातांत धरून मी तो ट्रेमधल्या डेव्हलपरमधून वर-खाली करत होतो, तान्ह्या लेकराला झोका द्यावा तसा. याला आम्ही रोल धुणं म्हणायचो. पाण्यानं नव्हे, केमिकलनं. तो धुऊन होईपर्यंत त्याला उजेड दिसता कामा नये. कुणी काडी ओढली तरी खेळ खलास. आणि त्या एकाच रोलवर दूध संस्थेचं अख्खं उद्घाटन होतं.

दाराबाहेर आईची पावलं वाजली.

ही वेळ माझ्यावर कशी आली ते आधी सांगतो. सोलापूरच्या एका स्टुडिओतली नोकरी सोडून मी गावी, मुरुमला परत आलो होतो. म्हटलं, दुकानाचं भाडं नको, मालकाची बोलणी नकोत, घरूनच फोटोग्राफी करू. डार्करूमला खिडकी नसलेली खोली लागते. तशी आमच्या घरात एकच होती, ज्वारीच्या पोत्यांची कोठी. दुष्काळानं ती झाडून रिकामी केली होती. पिकलं असतं तर मला जागा मिळाली नसती. दुष्काळाचा फायदा झालेला पंचक्रोशीतला मी बहुधा एकटाच.

फक्त एक अडचण होती. कोठीच्या खोलीला कडी बाहेरून असते. ज्वारीला आतून कडी लावायची गरज कधी पडत नाही.

दुसरी अडचण म्हणजे घरातली माणसं. स्टुडिओत काम करणारा माणूस कामावर असतो. घरी काम करणारा माणूस नुसता घरी असतो. गल्लीत कुणाची शेळी सुटली की हाक मला. पाहुणा आला की त्याच्याशी बोलत बसायला मी. "घरीच हाय की त्यो," हे आईचं पालुपद.

बायकोचं, शकुंतलाचं, भांडण पाण्यावरून. प्रिंट केमिकलमधून काढली की भरपूर पाण्यात खळबळून धुवावी लागते, नाहीतर वर्षाच्या आत पिवळी पडते. आणि पाणी यायचं टँकरनं.

"अहो, ह्या फोटुतल्या माणसांना दहा पाण्यानं आंघोळ," ती म्हणायची, "आन् माझी लेकरं तोंड पुसून शाळंत जात्यात. त्यांचा बी फोटोच काढा, म्हंजे अंगाला पाणी तरी लागंल."

 

तर त्या दिवशी सकाळी शेजारच्या गावात दूध संस्थेचं उद्घाटन झालं. गुरांना चारा नव्हता, म्हशी आटल्या होत्या, पण संस्था निघाली होती. जिल्ह्याहून मोठे पाहुणे आले, त्यांनी फीत कापली, हार घातलेल्या म्हशीनं त्यातला अर्धा हार खाल्ला. सगळं मी टिपलं. निघताना चेअरमननी बजावलं, "उद्या पहिल्या एसटीनं फोटो सोलापूरला पेपरात गेला पायजे. गेला, तर आसपासच्या सगळ्या संस्थांची कामं तुला. न्हाय गेला, तर सोलापूरचा माणूस बोलावतो."

ती कामं हातची गेली असती तर पुन्हा स्टुडिओत मालकापुढं उभं राहावं लागलं असतं. म्हणून भर दुपारी रोल धुवायचा, असं ठरवून घरी आलो.

"आलास व्हय? आधी दळण आण," आई म्हणाली.

दळण आणलं. मग टँकर आला. घागरी लावल्या, भरल्या, आणल्या. मग आत्याचे व्याही आले. त्यांना सोनारीच्या जत्रेची सगळी हकिकत सांगायची होती आणि ऐकायला घरात रिकामा मीच. ते उठले तेव्हा दिवस कलला होता. मी पळत कोठीत शिरलो.

एरवी त्या वेळेला मी आत जात नसे. कारण आईचा नेम. दिवेलागणीला देवापुढं दिवा लावायचा आणि तोच घरभर फिरवायचा. तिन्हीसांजेला एकही खोली अंधारी ठेवायची नाही. कोठी तर नाहीच नाही, तिथं लक्ष्मी असते.

"आई, आत काम चाललंय! उजेड नको!"

"काळोखात कसलं काम?" दार करकरलं. "दिव्याला न्हाय म्हनू नी. अवदसा येती."

आणि दिवा आत आला. मागून प्रसन्न चेहऱ्यानं आई आली. तिनं चारी कोपऱ्यांना दिवा दाखवला, एकदा माझ्या तोंडालाही दाखवला, आणि गेली. रोल माझ्या हातातच कोळशासारखा काळा झाला.

सकाळी सायकल मारत चेअरमनच्या दारात गेलो. खरं ते सांगितलं.

"दिवा?" ते कडाडले. "अरं, तुझ्या घरात दिवा लागला आन् माझ्या संस्थेत अंधार झाला की! आता पाव्हने कुठनं आनू?"

"साहेब, फीत पुन्हा बांधू. म्हैस आहेच."

"आन् कापनार कोन?"

मी इकडंतिकडं पाहिलं. मग त्यांच्याकडं पाहिलं. "संस्थेत सगळ्यात मोठं माणूस कोण आहे?"

 त्यांचा हात आपोआप मिशीवर गेला. "म्हंजे... म्या?"

"कालच्या फोटोत तुम्ही पाहुण्यांच्या मागं होता. निम्मे झाकलेले."

"व्हय रं. मला बी डाचत हुतं ते." त्यांनी आत हाक दिली, "फेटा काढा गं माझा!" आणि माझ्याकडं वळले. "बातमीत नाव पाव्हन्यांचं घालू. तोंड मातर माझं छापू."

नवा फोटो दुपारच्या एसटीनं गेला आणि छापून आला. चेअरमननी तो काच लावून ऑफिसात टांगला. आसपासच्या संस्थांच्या चेअरमननी तो पाहिला आणि सगळ्यांना तसलाच हवा झाला. कामं माझ्याकडं चालत आली.

"बघ," आई म्हणाली, "म्या दिवा दावला म्हनून लक्ष्मी आली. तू तर नगं म्हनत हुतास."



सुताराला बोलावून त्याच आठवड्यात मी आतून कडी बसवली. आई चार दिवस रुसली, मग दिवा उंबऱ्यावर ठेवायला लागली. त्यानंतर रोज तिन्हीसांजेला कडी वाजायची.

"आत कोन हाय?"

"मी."

"काय करायलास?"

"काम करतोय, आई."

"बरं, बरं. मग रिकामाच हायस तर दळण आन."

घरून काम करू पाहणाऱ्यांना माझा अनुभव एवढाच सांगतो. कडीनं उजेड अडतो. माणसं अडत नाहीत.