विषयाचा रकाना

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही. मी चौथीपर्यंत शिकले आणि मग भावंडांच्या मागे घरी राहिले. ही वही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. पण चुकून कोणाच्या हाताला लागलीच, तर चुका पोटात घालाव्यात. गोष्टच या वाईट अक्षराची आहे, म्हणून ते लपवून चालणार नाही.

पत्र आलं तो शनिवार होता. टपाल मीच आणलं. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या शाळेच्या क्लार्कनी, ते फोडलं आणि कल्पना बाईंना ऑफिसात बोलावलं. पाच मिनिटांनी बाई बाहेर आल्या त्या थेट पाण्याच्या टाकीकडे गेल्या आणि तोंडावर पाणी मारत राहिल्या. मी घंटा दिली तरी हलल्या नाहीत. बाई झाईहून रोज एसटीने येतात, पण तासाला कधी उशीर करत नाहीत. काहीतरी मोठं झालं असणार.

मी तलासरीकडच्या एका माध्यमिक शाळेत शिपाई आहे. नवरा इथेच शिपाई होता. तो गेल्यावर ही नोकरी मला मिळाली. चौथी पास आणि चतुर्थ श्रेणी, म्हणजे जोडी जमली, असं भाऊसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते. घंटा देणं, पाणी भरणं, चहा आणि टपाल ही माझी कामं. टपाल म्हणजे शाळेची पत्रं जिल्ह्याच्या शिक्षण ऑफिसात नेऊन देणं. शेअरच्या इको गाडीने डहाणू, तिथून पुढची गाडी, परत यायला संध्याकाळ. भाडं खिशातून घालायचं. मोठे सर, म्हणजे आमचे हेडमास्तर, दर वेळी म्हणायचे, "व्हाउचर कर, देऊ." तिकिटं घामाने पुसून जायची आणि व्हाउचर राहून जायचं.

टपालाची एक लांब वही असते. तीत रकाने असतात. तारीख, कोणाला, विषय आणि घेणाऱ्याची सही. ती वही खरं तर भाऊसाहेबांनी भरायची. पण ते म्हणायचे, "तूच लिही गं, कोण बघतंय?" विषयाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळायचं नाही. पत्रांची भाषा अवघड. म्हणून ज्याचं पत्र असेल त्यालाच मी विचारायची, "कशाचं आहे?" तो सांगेल ते माझ्या अक्षरात लिहायची. अगदी बारीक लिहायची, कोणाला वाचता येऊ नये म्हणून.

आणखी एक सवय होती. नोकरीच्या सुरुवातीला एकदा पत्र पोचलंच नाही असं निघालं. वहीत नुसती सही होती, तीही कोणाची ते कळेना. सगळा ठपका माझ्यावर आला. त्यानंतर मी सहीवर कधी थांबले नाही. खिडकीशी उभी राहून म्हणायची, "साहेब, गोल शिक्का मारा. माझ्या अक्षरावरच मारा." तिथले लोक हसायचे, पण मारायचे. मला जास्त बोलता येत नाही. हे एवढं मात्र मी दर खेपेला बोलायची.

आता बाईंचं सांगते. तीन वर्षांपूर्वी गावात बातमी आली की आमच्या शाळेला पुढे अकरावी-बारावी मिळणार. बाई तेव्हा बी.ए., बी.एड. होत्या, नववी-दहावीला इतिहास शिकवायच्या. अकरावीला शिकवायचं तर वरची डिग्री पाहिजे. कोणती, यावर स्टाफरूममध्ये आठवडाभर भांडण चाललं होतं.

पीटीचे सर म्हणाले, "एम.एड. करा बाई. नावामागे कसं भारदस्त दिसतं."

"दोन वर्षं रोज कॉलेजात बसायला लागतं त्याला. रजा कोण देणार, तुम्ही?" हिंदीच्या बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा शिक्षणशास्त्रात एम.ए. कर. घरी बसून होतं. आपण मास्तरच, अर्धं तर येतंच आपल्याला."

"तुम्हाला अर्धं येतं?" पीटीचे सर म्हणाले आणि सगळे हसले.

मी कपबशा गोळा करत होते. स्टाफरूममध्ये मी बोलत नाही. पण बाई जिन्याशी एकट्या भेटल्या तेव्हा म्हटलं, "बाई, एक सांगू? रागवू नका."

"अहो मावशी, सांगा की."

"जिल्ह्याच्या ऑफिसात एका सरांची फाईल मी तीन खेपा टेबलावर बघितली. दर खेपेला लाल पेनाचा शेरा. जागा मराठीची होती आणि त्यांचं एम.ए. शिक्षणशास्त्राचं. अकरावीला जे शिकवायचं त्याच विषयाची डिग्री मागतात."

बाईंनी विचारलं, "तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. तिथले क्लार्क ओरडून बोलतात."

बाईंनी दुसऱ्या दिवशी चौकशी केली. गोष्ट खरी निघाली. शिकवावं कसं याची डिग्री वेगळी आणि इतिहासाची वेगळी. एम.एड. झालेला माणूस बी.एड. कॉलेजात शिकवायला चालतो, पण अकरावीच्या इतिहासाला एम.ए. इतिहासच लागतं. ते बाहेरून परीक्षा देऊन करता येतं. फक्त नोकरीत असताना आधी परवानगी काढावी लागते. आधी म्हणजे प्रवेश घ्यायच्या आधी.

बाईंनी अर्ज दिला. भाऊसाहेबांनी त्यावर जोडायचं शाळेचं पत्र टाइप केलं. मी ते नेऊन दिलं आणि परवानगी आली. पुढची दोन वर्षं बाई एसटीत पुस्तक घेऊन बसायच्या. झाई ते तलासरी जाताना एक धडा, येताना एक. पास झाल्या तेव्हा घरचे सुके बोंबील आणून सगळ्या स्टाफला वाटले. पीटीच्या सरांना दोन वाटे मिळाले.

मग अकरावी मंजूर झाली आणि बाईंचं नाव इतिहासाच्या जागेसाठी गेलं. तिथे गाडी अडली. ऑफिसने विचारलं, परवानगी मागितलेल्या पत्रात विषय नमूद नाही, खुलासा करा.

भाऊसाहेब तापले. "आंधळे आहेत का? हे काय ठळक लिहिलंय!" जुन्या पत्राची नक्कल काढून त्यांनी वाचून दाखवली, "विषय, पदव्युत्तर शिक्षण घेण्यास परवानगी मिळणेबाबत." त्याच ओळीखाली लाल रेघ मारली आणि 'विषय वर नमूद आहेच' असं लिहून तेच पत्र परत पाठवलं. मीच नेलं. तिथल्या क्लार्कने ते वाचलं आणि एवढा हसला की शेजारच्या टेबलांवरची माणसं उठून आली. ऑफिस विचारत होतं शिकायचा विषय आणि भाऊसाहेबांनी पाठवला पत्राचा विषय. एम.ए. कशात, हे त्या पत्रात कुठेच नव्हतं. बाईंच्या अर्जात होतं, पण तो अर्ज भाऊसाहेबांनी जोडलाच नव्हता. शाळेच्या कपाटात राहिला आणि कपाटाच्या खालच्या खणाला वाळवी लागली.

शनिवारी आलं ते दुसरं पत्र. परवानगी इतिहासासाठीच होती याचा त्या वेळचा पुरावा पंधरा दिवसांत द्या. नाहीतर डिग्री विनापरवानगी धरू आणि जागा जाहिरातीने बाहेरून भरू.

"मावशी, माझं तर सगळं खरं आहे," बाई टाकीशी म्हणाल्या. "पण दाखवू काय?"

आता जे लिहायचं त्याची मला लाज वाटते, पण लिहिते. मला त्याच क्षणी आठवलं होतं. परवानगीचं पत्र ऑफिसात नेलं त्या दिवशी मी बाईंना विचारलं होतं, कशाचं आहे, आणि त्या म्हणाल्या होत्या, "एम.ए. इतिहासाच्या परवानगीचं." ते मी वहीत लिहिलं होतं. जुन्या वह्या खेळाच्या खोलीत चटयांच्या मागे मीच ठेवल्या होत्या. भाऊसाहेब रद्दीत घालत होते, मी दिल्या नव्हत्या.

तरी चार दिवस मी गप्प बसले. ती वही साहेब लोकांसमोर उघडायची म्हणजे माझं अक्षर सगळ्यांनी बघायचं. इतकी वर्षं मी बारीक लिहून जे झाकलं ते टेबलावर ठेवायचं. पाचव्या दिवशी बाई मुलांना शिकवता शिकवता मधेच थांबल्या, पुढचं आठवेना. मी दारातूनच बघितलं. मग खेळाच्या खोलीत गेले, वही काढली, धूळ पुसली आणि मोठ्या सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. बोट ठेवून दाखवलं.

सरांनी चष्मा लावला. "यमे ईतीहास," त्यांनी मोठ्याने वाचलं. भाऊसाहेब फस्सकन हसले. सर हसले नाहीत. त्यांनी रकान्यावरचा गोल शिक्का बघितला, तारीख बघितली आणि मला म्हणाले, "मावशी, बसा." त्या खोलीत मी कधी खुर्चीवर बसले नव्हते. बसलेही नाही.

पुढच्या आठवड्यात डहाणूला कॅम्प होता. कॅम्प म्हणजे मोठ्या ऑफिसचे साहेब एका शाळेत येऊन बसतात आणि आसपासच्या शाळांची अडलेली प्रकरणं तिथेच बघतात. सर म्हणाले, वहीबरोबर मावशीही पाहिजेत. सर, बाई आणि मी, आम्ही तिघं निघालो. वाटेत सर मला समजावत होते, "एम.ए. लिहिताना ए काढायचा, यमे नाही. इतिहासाची इ पहिली आणि तची वेलांटीसुद्धा पहिली." मी घोकत बसले. डहाणूला स्टेशनजवळ पानाची नक्कल काढली. झेरॉक्सवाला गुजराती होता. "बेन, आ तमारा अक्षर छे?" म्हणाला. मी पदर पुढे ओढला.

कॅम्पला ऑफिसर मॅडम होत्या. हॉलमध्ये पंधरा-वीस हेडमास्तर बसले होते. मॅडमनी वही उजेडात धरली, तिरकी करून बघितली. शेजारचे क्लार्क म्हणाले, "मॅडम, हे काय, कालही लिहून आणता येतं."

मॅडम म्हणाल्या, "नाही. शाई खाली आहे, शिक्का वर आहे. आणि शिक्का आपलाच आहे, तारखेसकट. काल लिहिलं असतं तर अक्षर शिक्क्याच्या वर आलं असतं." मग त्यांनी मान वर केली. "कोणी लिहिलंय हे?"

सरांनी मला पुढे केलं.

"मावशी, इथे लिहून दाखवा बरं. एम.ए. इतिहास." त्यांनी कोरा कागद दिला. सगळा हॉल बघत होता. पेन हातात घेतलं आणि मी अडले. सकाळपासून घोकलं होतं, बरोबर कसं लिहायचं ते आता येत होतं. इतक्या मोठ्या लोकांसमोर एकदा तरी बरोबर लिहावं असं फार वाटलं.

मी विचारलं, "मॅडम, बरोबर लिहू की माझं लिहू?"

हॉल हसला. मॅडमही हसल्या, पण चांगलं हसल्या. "तुमचं लिहा."

मी लिहिलं. यमे ईतीहास. मॅडमनी कागद वहीशेजारी ठेवला. तोच य, तोच लांब शेपटीचा ह. त्यांनी फाईल ओढली आणि लाल नाही, हिरव्या पेनाने शेरा मारला. सरांनी मला नंतर वाचून दाखवला. टपाल वहीतील नोंद ग्राह्य धरण्यात येत आहे. ग्राह्य म्हणजे मान्य. बाईंनी हॉलमध्येच माझा हात धरला तो इकोत बसेपर्यंत सोडला नाही.

पण त्याआधी एक झालं. वही परत देताना मॅडम पानं उलटत होत्या. "मावशी, केवढ्या खेपा केल्यात तुम्ही! महिन्यात चार, पाच. भाडं मिळतं ना वेळेवर?"

सर घाईने म्हणाले, "देतो मॅडम. व्हाउचरचं जरा राहिलंय."

"व्हाउचर कशाला? हा काय पुरावा. प्रत्येक खेपेवर आमचा शिक्का आहे." आणि त्या हसत म्हणाल्या, "आता तुमच्याच वहीला नाही म्हणता येणार नाही, सर."

भाऊसाहेबांना सगळ्या वह्या घेऊन खेपा मोजत बसावं लागलं. दोन दिवस लागले. माझं अक्षर त्यांना लागत नव्हतं, म्हणून मीच शेजारी बसून वाचून दाखवलं. पैसे एकदम निघाले नाहीत, तीन हप्ते केले.

जूनमध्ये अकरावीचा पहिला तास इतिहासाचा होता. कल्पना बाई खडू घेऊन व्हरांड्यात उभ्या होत्या. मी घड्याळ बघितलं आणि घंटा जरा जोरातच दिली.

त्याच दुपारी भाऊसाहेबांनी तिसरा हप्ता मोजून हातात दिला आणि व्हाउचर पुढे केलं. "मावशी, तुम्हीच लिहा. कशाबद्दल, ते." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला तुम्ही म्हणाले. मी लिहिलं, 'जूनं भाडं. सगळं मीळालं.' त्यांनी दुरुस्त करायला पेन उचललं, मग परत खाली ठेवलं.

"झालं ना आता?" ते म्हणाले.

"नाय," मी म्हटलं. "शाळेचा शिक्का मारा. अक्षरावरच मारा."