रिकाम्या हातांची माशी

दुसऱ्याने मोजलेली फळी त्या सुताराने चाळीस वर्षांत कधी कापली नाही. आधी स्वतः मोजायची, मग करवत. कारखान्यात त्याला ‘गुण्या’ म्हणत, कारण कुणीही चौकट जोडली की हा पाठोपाठ गुण्या लावून कोपरा तपासायचा.

काम सुटल्यावर त्याने एका ओंडक्याला बारा भोकं पाडून तो मागच्या भिंतीवर टांगला. एकएकट्या राहणाऱ्या मधमाश्या आल्या. पोटाखाली पिवळे परागकण माखून आणायच्या, भोकात साठवायच्या, अंडं घालून चिखलाने तोंड लिंपायच्या. दिवसभर खेपा. गुण्याला त्यांचं काम पसंत पडलं. त्याला सहसा कुणाचं पडत नसे.

मग एक वेगळीच माशी दिसली. काळी, टोकदार शेपटीची. घरधनीण बाहेर पडली की आत शिरायची. पोट जातानाही कोरडं, येतानाही कोरडं.

“गेल्या साली भोक उघडलं तर आतून हीच निघाली,” तो बायकोला म्हणाला. “दुसरीच्या घरात अंडं घालते. हिचं पोर तिच्या पोराला मारून साठा खातं. आयतोबा!”

“तुम्हाला काय, आरशातल्या माणसाचाही संशय येतो.”

ओला फडका घेऊन तो स्टुलावर बसला. कोपऱ्यातलं भोक भरत आलं होतं. तेवढं तरी वाचवायचं. ऊन डोक्यावर आलं. एक माशी भोकाशी उतरली. पोट कोरडं. त्याने फडका हाणला.

पडलेली माशी त्याने तळहातावर घेतली. शेपूट बोथट. जबड्यात चिखलाची गोळी. साठा पुरा करून ती दार लिंपायला आली होती.

“अहो, तोंड नाही बघितलंत तिचं?” बायको म्हणाली. “जन्मभर तोंडात खिळे धरून शिडी चढलात. हात रिकामे म्हणून तुम्हाला कुणी फडका हाणला का?”

त्याने चिमूटभर माती चाळली, कालवली, भोक लिंपलं. कड नखाने सारखी केली. पुन्हा केली.

“पण आत अंडं कुणाचं?” बायकोने विचारलं.

“काय माहीत.”

टोकदार शेपटीची ओंडक्यावर येऊन बसली. त्याने फडका उचलला. आधी तिचं तोंड पाहिलं, मग शेपूट, मग पुन्हा तोंड.

तोवर ती शेजारच्या उघड्या भोकात शिरली होती.