अमुकराव

मला कशाचाच दम निघत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी बोलून पाठवलं तर मी ते दीडपट वेगाने ऐकते. लिफ्टचं बटण तीनदा दाबते. पोळी फुगायच्या आत उलटते आणि मग ती कच्ची राहिली म्हणून तिच्यावरच चिडते. "जरा दम धर," हे बाबांनी मला जितक्या वेळा ऐकवलंय, तितक्या वेळा मला नावाने हाकही मारली नसेल.

दोन वर्षांपूर्वी परळच्या एका हॉस्पिटलात बाबांचे कान तपासून घेतले. उजवा गेलाच होता, आता डावाही चालला होता. घरात मी तीन हाका मारल्याशिवाय ते ओ देत नव्हते. कानाला मशीन लावून काही दिवस निघतील, पण किती ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. गिरगावात परत येताना टॅक्सीत बाबा खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाले, "तिच्या तोंडून माझं नाव ऐकायचं राहिलं."

आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आयुष्यभर तिने बाबांना "अहो" म्हटलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, तेही चारचौघींनी आग्रह केल्यावर, अशी तिची रीत. लग्नात घेतलं तेव्हा बाहेर बँड वाजत होता, बाबांना ते ऐकू आलं नाही. नंतरच्या हळदीकुंकवांना पुरुषांचं काय काम? राहता राहिली ती एक तबकडी.

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत बायकांचा मंगळागौरीच्या खेळांचा एक संच होता. मी लहान असताना कुठल्याशा छोट्या कंपनीने त्यांची एक सात इंची तबकडी काढली. झिम्मा-फुगडीची गाणी सगळ्यांनी मिळून म्हणायची आणि मध्येमध्ये एकेकीने उखाणा घ्यायचा. आई तांदूळ निवडताना सराव करायची:

"गौरीपुढे तेवते चांदीची समई,
अमुकरावांचं नाव घ्यायला मला नाही घाई."

बाबांचं नाव यायच्या जागी अमुकराव. खरं नाव घरात कसं घेणार? बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "कोण हा अमुकराव? त्याला एकदा जेवायला बोलव!" आई हसून ताटातले खडे वेचत राहायची. तबकडी आली त्या दिवशी सगळी चाळ एका बिऱ्हाडात जमली आणि बाबा लाजून, पान आणतो म्हणून सटकले. आले ते तबकडी संपल्यावर. आमच्याकडे वाजवायचं यंत्र नव्हतंच. पुढे कुणीतरी बारशाला म्हणून तबकडी मागून नेली, ती परत आली नाही. कुणाला तिची आठवणही झाली नाही.

बाबांना वेष्टनाचा रंगदेखील आठवत नव्हता. मी आधी एक जुनं यंत्र मिळवलं आणि मग जी सुरू झाले ती थांबेना. दादरचे फूटपाथ झाले, गिरगावातल्या भंगारवाल्यांचे माळे झाले. शेवटी ऑफिसमधल्या कुणीतरी लालबागच्या एका म्हाताऱ्याचा पत्ता दिला. गिरणी बंद पडल्यावर त्याने जुन्या तबकड्या विकायला घेतल्या होत्या. मसाल्याच्या दुकानांना लागून त्याचा गाळा होता, त्यामुळे तिथली प्रत्येक तबकडी हातात घेतली की शिंक यायची. परळच्या ऑफिसातून दुपारी चालत जायचं, पिशवी भरायची, घरी यायचं आणि सुई टेकवायची.

काय काय सापडलं! एका गिरणीचं भजनी मंडळ, त्यात पखवाजवाला गाणाऱ्याच्या पुढे पळत सुटलेला. कुणा मास्तरांची पेटी. कोळणींचं एक गाणं, त्याच्या शेवटी कुणीतरी स्पष्ट खोकलंय. कुणालाच नको असलेलं हे सगळं गाणं माझ्या घरी येऊन पडत होतं. तबकडीवर एखादं नाव, आणि पुढे "व सहकारी". त्या सहकाऱ्यांचा मला फार राग यायचा. म्हणजे त्यांचा नाही, ज्याने तेवढ्यावर भागवलं त्याचा. आई कुठल्या सहकाऱ्यांत लपली असेल, या विचाराने झोप उडायची.

पण राग करणारी मी तरी काय करत होते? दहा सेकंद ऐकायचं, आई नाही म्हटलं की सुई उचलायची. बाबा समोर बसून बघत असत. एकदा म्हणाले, "अगं, त्या माणसाने किती तयारी केली असेल. कडवं तरी संपू दे त्याचं." मी दुसरी तबकडी लावली. त्यांना कडव्यांची पडली होती आणि मला त्यांच्या कानाची. महिन्यामहिन्याला मशीनचा आवाज वाढवावा लागत होता.

घरात ढीग झाला तेव्हा मी नको असलेल्या तबकड्या पिशवीत भरून लालबागला परत द्यायला नेल्या. म्हातारा म्हणाला, "वाजवल्याबिगर मी घेत नाय." आणि खरंच एकेक लावत बसला. माझा फोन वाजत होता, ऑफिसात मीटिंग होती. एका छोट्या तबकडीवरचा कागद निम्मा फाटलेला होता, "…ची गाणी" एवढंच उरलं होतं. मी म्हटलं, "काका, ती सोडा. बालवाडीच्या पोरांची आहे, नुसती चिवचिव."

त्याने सुई टेकवली, दोन क्षण ऐकलं आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"पोरां नाय गो ही," तो म्हणाला. "बायलमाणसां आसत. स्पीड बघलंस काय?"

त्याने वेगाची पट्टी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवरून तेहेतीसवर ओढली. पोरं विरघळली आणि बायका गायला लागल्या. टाळ्या, बांगड्या, फुगडीचा दम. सात इंची म्हणजे पंचेचाळीस, असं मी धरून चालले होते. जास्त गाणी मावावीत म्हणून काही छोट्या तबकड्या तेहेतीसवरही काढत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मग गाणं थांबलं आणि एक नाकातला आवाज उखाणा घेऊ लागला. तो मी झोपेतही ओळखला असता. शेजारच्या काकू! गॅलरीतून आम्हाला ओरडायच्या तोच आवाज. चार महिने ही तबकडी माझ्या घरात होती. चार महिने बाबांचा कान उतरत होता आणि मी आईला बालवाडीत बसवून ठेवलं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की डोळ्यांतलं पाणी मी मसाल्यावर ढकललं.

पुढचा उखाणा सुरू व्हायच्या आत मी सुई उचलली. म्हातारा म्हणाला, "आयक की पुरा."

"नाही," मी म्हटलं. "आधी दुसऱ्या कुणीतरी ऐकायचाय."

मीटिंगला गेलेच नाही. घरी आले तेव्हा बाबा चहाची बशी हातात धरून बसले होते. मी त्यांची खुर्ची स्पीकरपाशी ओढली, डावा कान तिकडे केला, मशीन पूर्ण वाढवलं. काय चाललंय ते त्यांना कळलं असावं. "लाव ना लवकर," ते म्हणाले. मी बशी काढून घेतली. पट्टी तेहेतीसवर आहे ना, ते दोनदा पाहिलं.

झिम्मा झाला. काकू झाल्या. आणखी एक कुणीतरी झाली. बाबांचा चेहरा कोरा होता, ऐकू येतंय की नाही ते कळेना, आणि माझा जीव टांगणीला लागला. मग बायकांचा गलका झाला, "घे गं आता तू! लाजतेस काय?" आणि आई हसली. तिशीतली आई, माझ्यापेक्षा किती लहान. तिने समई लावली आणि समईनंतर थांबली. बायका ओरडत होत्या, ती थांबलेलीच. मी पहिल्यांदाच कशाचीतरी वाट पाहत होते आणि ती संपू नये असं वाटत होतं.

मग तिने नाव घेतलं. अमुकराव नाही, खरं. घाई नाही असंही म्हणाली.

आणि खुर्चीतून बाबांनी ओ दिली, पहिल्याच हाकेला.