शेवटची मूठ

आमच्या कुंपणापलीकडचा विलेम चाळीस वर्षं रेल्वेचे सिग्नल पाडत होता आणि निवृत्त झाल्यावर माझ्या उरावर येऊन बसला. दर शनिवारी तो परसातल्या हंड्यात बिअर उकळतो. वाळवलेल्या हॉपच्या फुलांच्या तीन मुठी. पहिली उकळी फुटताच, कडवटपणासाठी. दुसरी मालगाडी गेली की. तिसरी, वासाची, झातेत्स गावच्या गाडीने शिट्टी दिली की; मग लगेच चर्चची बाराची घंटा होते आणि जाळ बंद. घड्याळ बघत नाही मेला!

खोटं कशाला बोलू, मी जळतो त्याच्यावर. त्याच्या बिअरचा पहिला घोट घेताना माझी यार्मिला डोळे मिटते. तीस वर्षांच्या संसारात मी केलेल्या बिअरच्या पेल्याला तिचे डोळे टक्क उघडे!

"पिते की," म्हणते, "नवऱ्याची आहे, टाकू कुठे?"

म्हणून यंदा जुलैत, सप्टेंबरातल्या हॉपतोडणीच्या जेवणासाठी, मीही त्याच दिवशी, त्याच वेळी हंडा चढवला. कान रुळांकडे. मालगाडी गेली, दुसरी मूठ टाकली. थोड्या वेळाने शिट्टी झाली, होती नव्हती तेवढी तिसरी टाकून मोकळा झालो. कुंपणावरून बघतो तर विलेम आपला बाकावर बसून पाव खातोय.

"काय रे, टाकत नाहीस?"

"अरे ओता, ती सहलीची जादा गाडी होती. शिट्टी निराळी. झातेत्सची यायला वीस मिनिटं आहेत." माझ्याकडे बघून त्याने घास गिळला. "टाकलीस?"

मी रिकामा हात दाखवला. वीस मिनिटं उकळल्यावर वास कसला राहतोय, हंड्यात नुसता कडू काढा उरणार. विलेम उठला, आपल्या वेलाच्या वाळवलेल्या फुलांची एक मूठ कुंपणावरून पुढे केली.

"घे. शिट्टी झाली की टाक."

घ्यायची नव्हती हो मला! हात जळल्यासारखा वाटला. पण यार्मिलाचे डोळे आठवले आणि घेतली.

सप्टेंबरात कोठारात लांबलचक टेबलं मांडली, बदकं भाजली. मी माझा पेला यार्मिलापुढे ठेवला. तिने घोट घेतला. आणि डोळे मिटले!

किती वेळ मिटले होते, सांगता येत नाही. मग तिने ओठ पुसले.

"छान झालीय रे," ती म्हणाली. "शेवटची मूठ विलेमची ना?"